सतरा बेचाळीस

हे खोटं असतं तर मलाच बरं वाटलं असतं.

खोटं रचून मला काही मिळायचं नाही. उलट हे वाचून घरातले माझ्यावर चिडणार आहेत. तरी लिहितेय, कारण हे जितक्या लोकांपर्यंत पोचेल तितकं हवंय. का, ते शेवटी सांगते.

ठिकाण रेवदंडा. तारीख २३ फेब्रुवारी २०२४, शुक्रवार. पहाटे पाच वाजून अठरा मिनिटं.

मिनिटापर्यंत वेळ सांगता येते, कारण ती घड्याळात नोंदलेली आहे.

ज्याच्या बाबतीत घडलं तो धनेश, माझा मामेभाऊ. भिकूमामाचा थोरला. कोळीवाड्यात घर, बर्फाच्या फॅक्टरीत मशीनवर नोकरी, बायको पूनम. माणूस साधा, पण एक वेड... धावणं. मला एसटी पकडायला चार पावलं पळावं लागलं तरी धाप लागते, त्यामुळे मी त्याला कायम चिडवायची. तो हसायचा नाही. धावण्याच्या बाबतीत त्याला गंमत कळायची नाही.

त्याच्या हातावर ते धावण्याचं घड्याळ. चोवीस तास. झोपेतसुद्धा छातीचे ठोके मोजणारं. ते सगळं फोनमधल्या ॲपवर जाणार, तिथून एका साइटवर, आणि साइट त्याचे ग्राफ काढणार. निळी रेघ फिटनेसची. गुलाबी रेघ थकव्याची. जेवताना ताटाशेजारी फोन, आणि फोनमध्ये रेघा.

पूनम म्हणायची, "एवढं माझ्या तोंडाकडं बघितलं असतंत तर कळलं असतं मी कधीची बोलतेय ते."

या सगळ्याचं मूळ होता शुभम.

शुभम त्याच्याच आळीतला. शाळेपासूनचा दोस्त. धनेशनं धावायला सुरुवात केली, म्हणून त्याच्या मागून शुभमनं केली. आणि सहा महिन्यांत शुभम पुढं गेला.

धनेश आहार सांभाळायचा, झोप सांभाळायचा, ग्राफ बघून एकेक दिवस आखायचा. शुभम आदल्या रात्री हळदीत नाचून यायचा आणि सकाळी धनेशला मागं टाकायचा. वर पाठीवर थाप मारून म्हणायचा, "धन्या, तुझ्या रेघा छान हायत रं."

किनाऱ्यावर त्यांचा एक ठरलेला पट्टा होता. किल्ल्याच्या तटापासून उत्तरेला शेवटच्या सुरूच्या झाडापर्यंत, आणि परत. बरोबर पाच किलोमीटर. पाणी उतरलं की वाळू घट्ट होते, तेव्हाच तिथं धावता येतं. ॲपवर या पट्ट्याची यादी आहे. कोणी किती वेळात पार केला, सगळ्यांना दिसतं.

पहिला नंबर, शुभम. सतरा मिनिटं बेचाळीस सेकंद.

दुसरा नंबर, धनेश. अठरा एकोणीस.

तीन वर्षं हे असंच होतं. तीन वर्षं धनेशच्या पोटात दुखत होतं. आपण जळतोय हे त्याला कळायचं, आणि जळणं थांबवता यायचं नाही. शुभमच्या त्या धावेचा ग्राफ त्यानं इतक्या वेळा बघितला होता, की बायकोचा वाढदिवस विसरेल, पण तो ग्राफ डोळे मिटून काढून दाखवेल. सुरुवात संथ. मग चढ. बरोबर मध्यावर एक छोटासा खड्डा... कारण शुभम सुरूच्या झाडावर हात आपटून क्षणभर थांबायचा. आणि शेवटच्या आठशे मीटरला ठोके एकदम एकशे एकोणनव्वद.

सप्टेंबर २०२३ मध्ये शुभम बाईकवरून येताना ट्रेलरखाली गेला.

वय एकोणतीस.

दहाव्याला खाडीकाठी सगळी आळी जमली होती. पिंड मांडले. कावळे समोरच्या होडीवर बसलेले. पण एकही खाली येईना. अर्धा तास झाला... एक तास झाला...

असं झालं की गेलेल्या माणसाचं मन कशात तरी अडकलंय असं समजतात. मग एकेक जण पुढं होऊन शब्द देतो. काका म्हणाला, तुझ्या आईला अंतर देणार नाही. शुभमचा मामा म्हणाला, बहिणीचं लग्न आम्ही करू. कोणी म्हणालं, होडीला तुझं नाव देऊ.

कावळे बसूनच.

शुभमची आई वेणूबाई पदर तोंडात धरून रडत होती. धनेश मागं उभा होता. त्याला आतून माहीत होतं... हा कशात अडकलाय ते. त्यानं हात जोडले आणि ओठातल्या ओठात म्हणाला,

"शुभ्या, किल्ल्याच्या पट्ट्यावरचा पहिला नंबर तुझाच राहील. कायम. माझा शब्द."

वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा खाली उतरला.

सगळ्यांना वाटलं, होडीच्या नावानं उतरला. पुढं धनेशनं मला सांगितलं, "ताई, खरं सांगू? तेव्हापण मला रागच आला. मेल्यावरही याला नंबरचंच पडलेलं."

पाच महिने गेले. शर्यत लावायला कोणी उरलं नव्हतं, आणि धनेशची निळी रेघ चढत होती. साइटवर एक अंदाज दिसतो, आज तुम्ही पाच किलोमीटर किती वेळात धावू शकाल त्याचा. फेब्रुवारीत तो आकडा सतरा छत्तीस झाला.

बावीस तारखेला शुभमचा वाढदिवस होता. गावच्या रनिंग ग्रुपवर कोणीतरी त्याचा फोटो टाकला. खाली लिहिलं, 'सतरा बेचाळीस. अजून कोणाच्या बापाला मोडता आलेला नाही.' पन्नास-साठ जणांनी हात जोडले.

धनेशनंही जोडले. आणि पहाटेचा गजर लावला.

माघातली चतुर्दशी. पहाटे पाणी लांबवर उतरलेलं, चांदणं लख्ख. धनेश तटाशी उभा राहिला, घड्याळ सुरू केलं आणि निघाला. जाताना सगळं ठीक होतं. सुरूच्या झाडाशी वळला. झाडाला हात लावला नाही.

शेवटचे आठशे मीटर राहिले, तेव्हा उजव्या कानाशी श्वास ऐकू आला...

हूं... हूं... हूं...

धावणाऱ्या माणसाचा.

त्यानं वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर दोन सेकंद गेले असते. तो माणूसच तसा! दात आवळून पळत राहिला. तट आला, घड्याळ बंद केलं.

सतरा अडतीस.

तो गुडघ्यावर हात टेकून हसला. मग एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. तटाजवळ बोंबील वाळत घातलेले असतात. उजाडायच्या आधीपासून तिथं कावळ्यांचा नुसता कालवा असतो.

आज एकही कावळा नव्हता.

त्यानं मागं वाळूकडं बघितलं. ओली, सपाट वाळू. जातानाची पावलं स्पष्ट उमटलेली.

येतानाची पावलं नव्हती.

पाणी अजून लांब होतं.

घरी येऊन त्यानं हे कोणालाही सांगितलं नाही. यादी उघडली. पहिला नंबर, धनेश. दिवसभरात ती यादी त्यानं चाळीसदा उघडली असेल.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, तो साडेसातपर्यंत झोपला. उठला तर पाय गळून गेलेले. सवयीनं ग्राफ उघडला.

पहाटे पाच बावन्नला, गाढ झोपेत, त्याचे ठोके चढायला लागले होते. एकशे तीस... एकशे साठ... एकशे एकोणनव्वद. धनेशचे ठोके जीव तोडून धावतानाही कधी एकशे एक्याऐंशीच्या वर गेले नव्हते.

हे एकोणीस मिनिटं पन्नास सेकंद चाललं होतं. मग ठोके खाली.

त्याला वाटलं, घड्याळ बिघडलंय.

रविवारी सहा वाजून पंचवीस मिनिटांनी तेच. एकोणीस एकतीस.

सोमवारी सातच्या सुमाराला. एकोणीस बारा.

मंगळवारी तो जागा होता. चहा पीत बसलेला. साडेसातला छाती अचानक धडधडायला लागली. हातातला कप हिंदकळला. खुर्चीत बसल्या जागी त्याला दम लागला, घाम फुटला, घशात खारट चव आली. पूनम घाबरून पाठ चोळत राहिली. अठरा मिनिटं आणि वर काही सेकंद... आणि सगळं शांत.

अलिबागला डॉक्टरकडं नेलं. कार्डिओग्राम साफ. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेता तुम्ही, आधी ते घड्याळ काढा.

घड्याळ काढलं. छाती थांबली नाही. उलट आकडे दिसेनात म्हणून धनेशचाच जीव थाऱ्यावर राहीना. त्यानं पुन्हा घातलं.

साइटवर गुलाबी रेघ वर वर चालली होती. रोज सूचना यायची, 'ताण वाढला आहे. विश्रांती घ्या.' तो दिवसदिवस पडून असायचा. आणखी किती विश्रांती घेणार?

एका संध्याकाळी त्यानं त्या ठोक्यांचा ग्राफ मोठा करून बघितला. सुरुवात संथ. मग चढ. बरोबर मध्यावर...

एक छोटासा खड्डा.

धनेशनं शुभमची ती जुनी धाव उघडली आणि शेजारी ठेवली. दुसऱ्या कोणाला हे कधीच ओळखता आलं नसतं. तीन वर्षं जळत जळत पाठ केलेला ग्राफ होता तो.

शुभम धावत होता. धनेशच्या छातीत.

आणि पाच महिने बसून असल्यामुळं त्याचा सराव मोडला होता. म्हणून एकोणीस पन्नास. म्हणून रोज थोडं थोडं कमी. तो तयारी करत होता.

धनेशनं हे पूनमला सांगितलं. पूनमनं भिकूमामाला. मामाला ग्राफबिफ काही कळत नाही. तो म्हणाला, "कंदी कंदी व्हतंय त्याचं टायम सांग फकस्त."

पूनमनं वाचून दाखवलं. पाच बावन्न, सहा पंचवीस, सातच्या आसपास, साडेसात... काल सव्वादहा, आज अकराला.

मामाचा चेहरा उतरला. चाळीस वर्षं होडीवर गेलेला माणूस. "आरं, ह्यो तर सुकतीचा टायम हाय. पानी उतरतंय तवा व्हतंय ह्ये." मग धनेशकडं रोखून बघत म्हणाला, "दहाव्याला तुजं ओठ हलताना मी बगितलं व्हतं. काय बोल्लास तू?"

धनेशनं सांगितलं.

मामा म्हणाला, "फोनमदनं तुजा नंबर काढून टाक. आत्ताच्या आत्ता."

आता इथं मला माझ्या भावाचा राग येतो, तो लपवत नाही. सोपं होतं. एक बटण दाबायचं, धाव पुसली जाते, शुभम पुन्हा वर. पण धनेश म्हणाला, "मी धावलोय ते. घाम माझा हाय."

पूनम ओरडली, रडली. तो ऐकेना. त्यानं हिशेबसुद्धा मांडला होता. दिवसाला इतके सेकंद कमी होतायत, म्हणजे शुक्रवारी तो सतरा अडतीसच्या खाली येईल, मग आपोआप थांबेल. "त्याला पायजे तर त्यानं धावून घ्यावा. मी देणार न्हाय."

मेलेल्या माणसाशी शर्यत! आणि छाती कोणाची, तर याचीच!

गुरुवारी सतरा एकोणचाळीस झालं. त्या दिवशी धनेशचे ओठ निळे पडले होते.

शुक्रवार, आठ मार्च. महाशिवरात्र, फॅक्टरीला सुट्टी. दुपारनंतर सुकती लागणार होती. मामा ओटीवर धनेशचं मनगट धरून बसला. पूनम शेजारी. धनेशच्या मुठीत फोन.

चार वाजून वीस मिनिटांनी सुरू झालं.

पूनमनं त्याच्या छातीला कान लावला. लावला, आणि ती पांढरी पडली. तिनं मला हे तीनदा सांगितलंय, तिन्ही वेळा शब्द तेच.

आत ठोके नव्हते. पावलं होती. ओल्या वाळूवरची.

चप... चप... चप... चप...

आठ-साडेआठ मिनिटं झाली आणि पावलं थांबली. काहीच ऐकू येईना. मामाच्या हाताखाली नाडी लागेना. एक... दोन...

आतून थाप ऐकू आली. झाडावर हात आपटल्यासारखी.

मग पुन्हा चप... चप... पहिल्यापेक्षा जोरात.

"द्या तो फोन!" पूनम किंचाळली. धनेशच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता, पण मूठ सुटत नव्हती. बोटं उलगडायला मामाला ताकद लावावी लागली. पूनमनं नवऱ्याचाच अंगठा धरून फोन उघडला, ती धाव शोधली. 'ही नोंद कायमची पुसायची का?'

तिनं हो दाबलं.

पावलं मंदावली. दहा-बारा पावलं चालल्यासारखी पडली... आणि थांबली. नंतर नेहमीचे, साधे ठोके.

पण पूनमच्या कानाशी कोणीतरी खोल श्वास घेऊन सोडला. धनेशचं तोंड तेव्हा मिटलेलं होतं.

यादीत पहिला नंबर, शुभम. सतरा बेचाळीस.

धनेश वाचला. आणि वाचवणाऱ्या बायकोशी दोन दिवस बोलला नाही.

इथं गोष्ट संपली असती तर मी ती कोणाला सांगितलीही नसती.

जानेवारी २०२५. सव्वीस जानेवारीला जोडून सुट्ट्या, गाव पर्यटकांनी भरलेलं. पुण्याचा कोणी एक मुलगा हॉटेलातून सकाळी बाहेर पडला, किनाऱ्यावर धावला आणि चहा प्यायला गेला. त्या बिचाऱ्याला काय माहीत? सतरा एकोणतीस.

धनेशनं यादी बघितली. शुभम दुसरा.

त्यानं माझ्याजवळ कबूल केलंय... पहिल्यांदा त्याला आनंद झाला. बरं झालं, शुभ्या. आता कळेल दुसऱ्या नंबरवर कसं वाटतं ते.

दुसऱ्या दिवशी सुकतीला छाती सुरू झाली.

त्यानं शब्द काय दिला होता? मी मोडणार नाही, असा नव्हता दिला. पहिला नंबर तुझाच राहील, असा दिला होता. कायम.

पुण्याच्या मुलाला पूनमनं विनवण्या करून मेसेज केले. तो भला होता, हसला आणि धाव पुसली. तेव्हापासून सुट्ट्या आल्या की या घराला धडकी भरते. आणखी एकदोन जणांनी नंबर मोडला, विनवल्यावर त्यांनी ऐकलं. यादीच बंद करायचा विचार केला, तर मामा म्हणाला, यादी गेली की त्याचा नंबरपण गेला, मग काय करशील?

आता नोव्हेंबरात कोणीतरी सतरा एकवीस नोंदवलंय. खात्याला नाव नाही, नुसता उगवत्या सूर्याचा फोटो. बारा मेसेज केले, एकाचंही उत्तर नाही. शेवटी नाइलाजानं, हा गाडीवरून गेलाय अशी खोटी तक्रारसुद्धा केली. धाव खरी निघाली.

आज विसावा दिवस. धनेशला जिना चढवत नाही. काल सतरा बावीस झालं.

परवा पूनम वेणूबाईंकडं गेली होती. सगळं सांगितलं आणि पाय धरले. म्हातारीनं तिला उठवून जवळ बसवलं. पूनम म्हणाली, "मावशी, एकदा शुभमभावजी जिंकले की थांबतील ना?"

वेणूबाई सुपात सुक्या कोलंबीचे सोडे निवडत होत्या. हात थांबला.

"पोरी, माजा शुभम जिंकल्यावर कंदी थांबलाय? दुसऱ्या दिवशी सोताचाच नंबर मोडाया जायाचा."

म्हणून हे लिहिलं. रेवदंड्याला या, मासे खा, समुद्र बघा. किल्ल्यापासून सुरूपर्यंत धावलात तरी हरकत नाही. फक्त घड्याळ बंद ठेवा. आणि तो उगवत्या सूर्याचा फोटो तुमचा असेल, किंवा तुमच्या ओळखीच्या कोणाचा असेल, तर मी हात जोडते, ती धाव पुसा.

आज सुकती सव्वाचारला आहे.

चार वाजून गेलेत. मी फोन समोर ठेवून बसलेय.